‘इंटेल की एएमडी?’ : दोन रकान्यांची पार्श्वभूमी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजाराला लागलं, की कुठल्याही दुकानात एकच दृश्य दिसायचं. गिऱ्हाईक बजेट सांगायचं आणि काउंटरवरचा पोरगा कोटेशनच्या पॅडवर उभी रेघ मारून दोन रकाने करायचा. डावीकडे इंटेल, उजवीकडे एएमडी. खाली प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू), मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात ती पाटी), रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट अशी उतरंड आणि शेवटी दोन बेरजा. उजवी बेरीज बहुतेक वेळा कमी यायची, आणि तरीही गिऱ्हाईक डावीकडे बोट ठेवायचं. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते त्या पॅडच्या मथळ्यावर छापलेलं असायचं, बोलण्यात मी क्वचितच ऐकलं.)

हे दोन रकाने मुळात आले कुठून? एकाच जातीचा प्रोसेसर दोन कंपन्या विकतात, दोन्हींवर तेच सॉफ्टवेअर चालतं, हा प्रकार उद्योगात तसा विचित्रच. त्याचं मूळ 1981 सालात आहे. आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलचा 8088 निवडला, वेग 4.77 मेगाहर्ट्झ. पण इतक्या कळीच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबायची आयबीएमची तयारी नव्हती. मालाला दुसरा पुरवठादार हवाच, असा तिचा आग्रह होता. त्यातून 1982 मध्ये इंटेल आणि एएमडीमध्ये करार झाला आणि एएमडीला इंटेलच्या रचनेचे प्रोसेसर बनवता आले. थोडक्यात, इंटेलने आपला प्रतिस्पर्धी गिऱ्हाइकाच्या हट्टापायी स्वतःच उभा केला.

1985 च्या 386 या प्रोसेसरपासून मात्र इंटेलने हात आखडता घेतला आणि आराखडे द्यायला नकार दिला. प्रकरण लवादात गेलं, मग न्यायालयात, आणि वर्षानुवर्षं चाललं. तोवर एएमडीने स्वतःचा 386 तयार करून 1991 मध्ये बाजारात आणला. इंटेलचा 386 डीएक्स 33 मेगाहर्ट्झवर थांबला होता, एएमडीचा 40 वर गेला आणि स्वस्तही पडला. त्याच वर्षी अमेरिकी न्यायालयाने ‘386’ या नुसत्या आकड्यावर ट्रेडमार्क सांगता येणार नाही, असं म्हटलं. मग इंटेलने आकडा सोडून नाव धरलं. 1993 मध्ये ‘पेंटियम’ आला. त्याआधीच ‘इंटेल इनसाइड’चं स्टिकर मशिनवर झळकू लागलं होतं. आपल्याकडे त्याचा परिणाम असा झाला, की लोक कॉम्प्युटरलाच पेंटियम म्हणू लागले. ‘आमच्याकडे पेंटियम आहे’ हे वाक्य ‘आमच्याकडे फ्रिज आहे’ याच चालीवर ऐकू यायचं.

तुलनेची खरी गडबड इथूनच सुरू झाली, कारण मोजपट्टी एकच होती: मेगाहर्ट्झ. प्रोसेसरचा ठोका सेकंदाला किती वेळा पडतो, हे ती सांगते. एका ठोक्यात काम किती होतं, हे सांगत नाही. मुंबईकराला हे समजवायला लोकल पुरेशी आहे. तासाला किती गाड्या सुटतात एवढ्यावरून किती माणसं विरारला पोचली हे ठरत नाही. गाडी नऊ डब्यांची की बारा, हेही विचारावं लागतं. सायरिक्स या तिसऱ्या कंपनीने 1996 च्या सुमारास हाच मुद्दा धरून आपल्या 133 मेगाहर्ट्झच्या चिपला ‘पी166+’ असं नाव दिलं: काम 166 च्या पेंटियमइतकं. ऑफिसच्या कामात ते बऱ्यापैकी खरंही होतं. पण दशांशाच्या गणितात ही चिप अडखळायची, आणि त्रिमितीय गेम नेमके त्याच गणितावर चालायचे. ‘काम किती’ म्हणजे कोणतं काम, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तिथे पडला. गिरगावातल्या डीटीपीवाल्यांना तो पडलाच नाही. पत्रिका न् हँडबिलं लावणाऱ्याला प्रोसेसरपेक्षा रॅमची तहान जास्त, हे त्यांना कुठल्याही चाचणीआधी कळलं होतं.

पुढे मेगाहर्ट्झची ही शर्यत हास्यास्पद टोकाला गेली. मार्च 2000 मध्ये एएमडीच्या अ‍ॅथलॉनने एक गिगाहर्ट्झचा (हजार मेगाहर्ट्झचा) टप्पा इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंटेलने पेंटियम 4 आणला, 1.4 आणि 1.5 गिगाहर्ट्झचा. त्याची रचनाच ठोके वाढवण्यासाठी होती: एका सूचनेचं काम वीस टप्प्यांत तोडलेलं. ठोके वाढले, प्रत्येक ठोक्यातलं काम घटलं, आणि काही चाचण्यांत जुना एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री त्याच्या पुढे निघाला. हे दुकानातल्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार? एएमडीने 2001 मध्ये सायरिक्सचीच युक्ती उचलली. 1.53 गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीवर ‘1800+’ असं लिहिलं. कागदोपत्री ही तुलना एएमडीच्या स्वतःच्याच आधीच्या चिपशी होती. वाचणारा प्रत्येक जण ती पेंटियम 4 शी लावायचा, आणि लावावी हीच अपेक्षा असणार.

मग उजवी बेरीज कमी असूनही बोट डावीकडे का जायचं? ‘एएमडी तापतो.’ हे तीन शब्दही नव्हेत, पण त्यांनी इथला बाजार कित्येक वर्षं चालवला. ते अगदीच खोटं नव्हतं. त्या काळच्या अ‍ॅथलॉनची सिलिकॉनची वडी उघडीच असायची, नखाएवढी. त्यावर हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) बसवताना क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने दाबावी लागे. हात तिरका गेला की वडीचा कोपरा टचकन उडायचा. पंखा बंद पडला तर पेंटियम 4 स्वतःहून वेग कमी करायचा, अ‍ॅथलॉन मात्र जळून जाऊ शकायचा. त्यात मुंबईची हवा. हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात आमच्या चाळीतल्या खोलीत ती हवाच चौतीस अंशांवर असायची. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडलं, की पंख्याखाली नमद्यासारखा धुळीचा थर निघायचा. गंमत अशी, की 2004 साली आलेला पेंटियम 4 इतका तापू लागला की चार गिगाहर्ट्झचं मॉडेल इंटेलने त्याच वर्षी रद्द केलं. तेव्हा थंड चालत होता तो एएमडीचा अ‍ॅथलॉन 64. काउंटरवरचं वाक्य तरी बदललं नाही.

किमतीच्या बाजूची मेख मात्र मदरबोर्डमध्ये आहे. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. सॉकेट 7 च्या काळात एकाच बोर्डावर पेंटियमही बसायचा आणि एएमडीचा के6 ही. प्रोसेसरची तुलना निव्वळ प्रोसेसरची असायची. 1997 मध्ये इंटेलने पेंटियम टू वेगळ्याच स्लॉटमध्ये नेला आणि ती वाट एएमडीला बंद केली. तेव्हापासून मोजायची ती जोडीची किंमत. वर बॉक्स पीस (खोक्यातला) की ट्रे पीस (सुटा), हाही हिशोब: बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत पंखा, ट्रेवर दुकानदाराचा शब्द.

2006 च्या इंटेलच्या कोअर 2 ड्युओनंतरची दहा वर्षं या कथेत फारसं काही नाही. इंटेल पुढे, एएमडी स्वस्तात मागे, आणि इंटेलचा नेहमीचा घरगुती प्रोसेसर चार कोअरवर (एकाच चिपमधल्या चार स्वतंत्र प्रोसेसरांवर) अडकलेला. मार्च 2017 मध्ये एएमडीचा रायझन आला. आठ कोअरच्या रायझन 7 1800एक्सची अमेरिकेतली किंमत 499 डॉलर होती. इंटेलचा आठ कोअरचा चिप त्या वेळी हजार डॉलरच्या वर होता. ऑक्टोबरात इंटेलच्या नेहमीच्या श्रेणीत सहा कोअर आले. दहा वर्षांत जे जमत नव्हतं ते सात महिन्यांत जमलं.

तोवर मोजपट्टीही बदलली होती. आता आकडे येतात ते गेममधल्या दर सेकंदाच्या फ्रेम्सचे, व्हिडिओ रेंडर व्हायला लागलेल्या मिनिटांचे, वॉटचे. लॅमिंग्टन रोडवर खरेदीला येणारी पोरं मोबाइलवर चाचण्यांचे आलेख आधीच बघून येतात. पण रायझनने ज्या एएम4 सॉकेटने सुरुवात केली, त्यावर 2022 नंतरही नवे प्रोसेसर येत राहिले, आणि 2017 च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ते बसवता आले. म्हणून कुठला घेऊ असं विचारलं, की काउंटरवरून आधी उलटा प्रश्न येतो: ‘घरी बोर्ड कुठला आहे?’