अर्जंट गाड्यांतला चमत्कारिक माल (नागपूर)

एकाच पार्टीचा (गिऱ्हाइकाचा) माल भरून, वाटेत दुसरे काही न चढवता-उतरवता, ठरलेल्या तासाला थेट मुक्कामी पोचणाऱ्या भाड्याच्या वाहनाला नागपूरच्या ट्रान्सपोर्ट धंद्यात सर्रास ‘अर्जंट गाडी’ म्हणतात. गाडी कोणतीही असू शकते : छोटा हत्ती, पिकअप, चौदा फुटी किंवा बत्तीस फुटी कंटेनर. नेहमीच्या भाड्यात वजन आणि अंतर मोजतात, इथे पैसा घड्याळाचा असतो. त्यामुळे एरवी कोणी ट्रकमध्ये ठेवणार नाही अशा वस्तू या गाड्यांतून जातात, आणि रिकाम्या डाल्यात (गाडीच्या हौद्यात) मधोमध दोरीने बांधलेले एकच खोके हे दृश्य या धंद्यात नवलाचे नाही.

अर्जंट गाडी फार वेगाने धावते, हा समज चुकीचा आहे. मालवाहू वाहनांची कमाल वेगमर्यादा चौपदरी रस्त्यावर आणि द्रुतगती मार्गावरही ताशी 80 किमी. आहे, वर वेगनियंत्रक बसवलेला. समृद्धी महामार्गाचे 701 किमी. या वेगाने एकही थांबा न घेता कापायचे म्हटले तरी पावणेनऊ तास लागतात. वेळ वाचतो तो न थांबण्याने. साधा पार्सल माल नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या गोदामात उतरतो, दुसऱ्या गाडीची वाट पाहतो, पुढच्या गावी पुन्हा उतरतो, आणि प्रत्येक ठिकाणी हमाली व एखादा दिवस खातो. अर्जंट गाडीत हे सगळे गाळलेले असते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने (2025 मध्ये तो नव्या श्रम संहितेत विलीन झाला) चालकाचे काम दिवसाला 8 तासांचे ठरवले होते आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती सक्तीची केली होती. म्हणून लांबच्या अर्जंट फेरीला दोन चालक लागतात. ‘डबल ड्रायव्हर’ हा भाड्यातला सर्वांत महाग शब्द आहे. एकट्या चालकावर अशी फेरी रेटणारेही धंद्यात आहेत. त्याला काटकसर म्हणणे अवघड आहे.

नागपूरला असा माल जास्त का दिसतो, याची अर्धी कारणे नकाशावर आहेत. श्रीनगर–कन्याकुमारी (राष्ट्रीय महामार्ग 44, पूर्वीचा 7) आणि सुरतेकडून ओडिशाच्या किनाऱ्याकडे जाणारा (53, पूर्वीचा 6) हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना छेदतात. समृद्धी महामार्ग शहराजवळच्या शिवमडका येथून निघतो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. उरलेली अर्धी कारणे शहरातल्या कार्यालयांत सापडतात. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय, भारतीय खाण ब्युरो, खनिज अन्वेषणाची सरकारी कंपनी, पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था ‘नीरी’, कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, राज्याचे रेशीम संचालनालय आणि विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातला विमानदुरुस्तीचा विभाग, हे सगळे एकाच शहरात आहे. एवढ्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांचा माल साधा कसा असणार? 1863 पासूनच्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकर ‘अजब बंगला’ म्हणतात. तो भरून काढता येईल इतके नमुने वाडी आणि कापसीच्या रस्त्यांवरून ये-जा करत असतात.

सजीव माल : सर्वांत गोंगाटी माल म्हणजे एक दिवसाची कोंबडीची पिल्ले. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते; त्यावर ते दाणापाण्याशिवाय दोन-तीन दिवस तग धरू शकते, आणि हा सगळा व्यवहार त्या शिदोरीवरच उभा आहे. भोके पाडलेल्या खोक्यात कप्पे करून साधारण शंभर पिल्ले बसवतात आणि खोक्यांच्या थप्प्यांमध्ये हवेसाठी फट सोडतात. धोका चालत्या गाडीत कमी, उभ्या गाडीत जास्त : हवा गाडीच्या वेगाने खेळते, ती ढाब्यावर थांबली की मधल्या खोक्यांत उकाडा साचतो. म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात ही गाडी रात्रीच निघते, आणि चालकाला चहा हवा असेल तर तो गाडी सुरू ठेवून, उभ्याउभ्या. मुरलेला चालक मागचा आवाज ऐकत गाडी चालवतो. पिल्ले कर्कश ओरडत असतील तर त्यांना गार लागते आहे, ताडपत्री थोडी ओढायची. आवाज अचानक पडला तर ती चोच उघडून धापा टाकत आहेत असे समजायचे आणि ताडपत्री लगेच वर करायची. नव्या माणसाला शांतता बरी वाटते, जुना शांततेला घाबरतो.

याच्या अगदी उलट प्रकार रेशमाच्या अंड्यांचा. एका अंडीपुंजात तुतीच्या रेशीमकिड्याची चारपाचशे अंडी असतात. गाडीभर सोडा, एका पेटीतही हजारो जीव मावतात, आणि चिवचिव नाही की वास नाही. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या किड्यांची अंडीही अशीच जातात. अंडी सुमारे दहा दिवसांत फुटतात, तेव्हा उशीर झाला तर पोचतो तो माल पानांवाचून उपाशी अळ्यांचा. प्रवास पहाटे किंवा रात्री, थंड वेळेत. सोबत खत किंवा कीटकनाशक ठेवायचे नाही, तंबाखू किंवा तंबाखू-सुपारीचा खर्राही नाही, कारण निकोटीन या किड्याला विषारी आहे. नागपुरी चालकाला ‘गाडीत खर्रा नको’ ही अट ऐकवणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. भाडे वाढवून मागण्याचे इतके सबळ कारण दुसरे नसेल.

वाघही रस्त्यानेच जातात. 2024 च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये ताडोब्यातल्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमलिपालला नेल्या गेल्या. पण तो वनखात्याचा ताफा असतो, पशुवैद्यकासह. भाड्याच्या गाडीचा त्यात वाटा नसल्याने चौकातल्या टपरीवर सांगितल्या जाणाऱ्या ‘मी वाघ नेला’ छापाच्या गोष्टी जरा हात राखून ऐकाव्यात. अवयवदानाच्या ‘ग्रीन कॉरिडॉर’चेही तसेच : हृदयाला मिळणारे चारेक तास रुग्णवाहिका आणि पोलीस सांभाळतात, ट्रान्सपोर्टवाला नाही.

थंड माल : वळूचे गोठवलेले वीर्य बारीक कांड्यांत भरून −196 अंश से. तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून पाठवतात. कंटेनर दिसायला दुधाच्या कॅनसारखा. तो आडवा झाला किंवा नायट्रोजन उडून गेला की आतला माल बाहेरून जसाच्या तसा दिसतो आणि उपयोगाचा मात्र राहत नाही; पोच देणाऱ्याने सही करण्याआधी पट्टी बुडवून पातळी मोजायची असते. झाकण घट्ट लावायचे नाही हा नियम चालकाला हमखास उफराटा वाटतो. पण वायूला वाट दिली नाही तर कंटेनरच फुटेल.

द्रवरूप प्राणवायूचा टँकर (−183 अंश से., पाटीवर 1073 हा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दाब वाढला की झडपेतून पांढरे धुके सोडतो, बघ्यांना आग लागली असे वाटते. एप्रिल 2021 मध्ये या टँकरची देशभर टंचाई झाली, तेव्हा नायट्रोजन आणि अरगॉनचे टँकर प्राणवायूसाठी बदलून घेतले गेले. त्याच महिन्यात टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून विशाखापट्टणमहून आणलेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसमधले 3 टँकर 23 एप्रिलला नागपुरात उतरवण्यात आले आणि उरलेले 4 नाशिकला गेले. इथे ट्रकच माल झाला होता.

दगड आणि पाणी : कोड्यात टाकण्याच्या बाबतीत पहिला मान कोअर बॉक्सला द्यावा लागेल. खनिजाच्या शोधात जमिनीत भोक पाडून काढलेली दगडाची लांब दंडगोल कांडी तुकड्यांनी खाचांच्या पेटीत रचतात. प्रत्येक पेटीवर भोकाचा क्रमांक, खोली आणि वरची बाजू दाखवणारा बाण. हमालाला दिसतो तो मुरूम. पण पेटी उपडी झाली आणि तुकडे मनाने परत भरले, की कोणता थर किती खोलीवर होता हे कोणीच सांगू शकत नाही, आणि भोक पाडण्याचा सगळा खर्च पाण्यात जातो. घाई दगडाला नसते. तपासणीचा निकाल येईपर्यंत पुढचे भोक कुठे पाडायचे ते ठरत नाही, आणि तोवर यंत्र भाड्यावर उभे असते. सांडपाण्याच्या बाटल्यांचे गणित वेगळे : बर्फाच्या पेटीत सुमारे 4 अंशांवर ठेवूनही त्यातले जिवाणू बदलत राहतात, म्हणून नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचायलाच हवा. नाल्याच्या पाण्यासाठी गाडी पळवणारा चालक घरी काय सांगत असेल, हा प्रश्न रास्त आहे.

विमान आणि किरणोत्सार : विमान जमिनीवर अडकले की एका सुट्या भागासाठी अख्खी गाडी रात्रीतून धाडली जाते, भाग कधी मुठीत मावेल एवढा. इंजिनाची गोष्ट मात्र उलटी. बंद इंजिनातले बेअरिंग एकाच जागी हादरे खात राहिले तर गोळ्यांखाली खळगे पडतात, म्हणून ते हवेच्या सस्पेन्शनच्या ट्रेलरवर, खास स्टँडवर नेतात. अर्जंट म्हणून बोलावलेल्या चालकाला ‘उशीर झाला तरी चालेल, खड्डा चुकव’ अशी सूचना मिळते, आणि ती लेखी मिळाली तर त्याने जपून ठेवावी.

रुग्णालयांसाठी येणाऱ्या किरणोत्सारी औषधांचे खोके आकाराच्या मानाने विलक्षण जड असते, कारण आत शिसे असते. बाहेर पिवळ्या लेबलवर तीन पात्यांचे चिन्ह. तपासण्यांसाठी लागणाऱ्या मोलिब्डेनम-99 चा अर्धायुकाल 66 तासांचा आहे : सोमवारी सकाळी भरलेला माल गुरुवारच्या पहाटेपर्यंत निम्मा झालेला असतो, सील न तोडता, वजनात फरक न पडता. इतका प्रामाणिकपणे घटणारा माल चोरीच्या संशयापासून कागदच वाचवतात. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने नेमून दिलेली कागदपत्रे केबिनमध्ये हाताशी लागतात.

गणपतीच्या आधी चितारओळीतल्या (मूर्तिकारांच्या वस्तीतल्या) मूर्ती बाहेरगावी जातात तेव्हा तासाचा हिशेब पंचांग ठरवते. गोणपाट, गवत आणि सुतळीने बांधलेल्या मूर्तीबरोबर मंडळाचे दोनतीन कार्यकर्ते डाल्यातच बसून जातात, नियमाला धरून नसले तरी.

कागद : अडचण रस्त्यात कमी आणि तपासणीत जास्त येते. भरारी पथकातला माणूस ‘काय हाय बे आत?’ म्हणून विचारतो, आणि बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) नुसते ‘सॅम्पल’ लिहिलेले असते. 50,000 रुपयांवरच्या मालाला आंतरराज्य वाहतुकीत ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागते (एप्रिल 2018 पासून). त्याची मुदत दर 200 किमी.ला एक दिवस, म्हणजे अर्जंट गाडीला ती कधीच अपुरी पडत नाही. गाडी बिघडून माल दुसरीत चढवला तर भाग ‘ब’मध्ये नवा गाडी नंबर भरावा लागतो, आणि रात्री दोन वाजता तो भरायला पार्टी फोन उचलत नाही, तिथे गाडी खोळंबते. घरातले वापरलेले सामान आणि चलनी नोटांना हे बिल लागत नाही. स्फोटके, रसायने, वायू यांच्या चालकाला धोकादायक मालाचे प्रशिक्षण, परवान्यावर तशी नोंद आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारा कागद) हवे. ते नसेल तर नाव ‘अर्जंट’ असो की आणखी काही, तो माल घ्यायचा नसतो. माल काय आहे हे सांगण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. तो सांगत नसेल तर खोके कितीही लहान असले तरी ते परत करणारा चालक शहाणा.

भाडे बहुधा ठोक ठरते आणि त्यात परतीचा रिकामा प्रवास धरलेला असतो. तरीही परतताना मिळेल तो माल बहुतेक जण भरतात. पिल्लांची गाडी आधी धुवावी लागते, रेशमाच्या अंड्यांची नाही. मूर्तींच्या गाडीत उरलेले गवत काटोल-नरखेडकडच्या संत्र्यांच्या पेट्यांखाली अंथरले जाते, आणि संत्र्याला तसे कोणी अर्जंट म्हणत नाही.