सही चालत नाई काकाजी, पिन लागते

डिसेंबर 2018. हरभऱ्यावर घाटेअळी दिसायला लागली म्हणून मोठेबाबांसोबत मी आर्वीला औषध आणायला गेलो होतो. बिल झालं, मोठेबाबांनी बंडीच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं, सोबत पेनही काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं अन् परत दिलं. "काकाजी, हे बिना चिपचं हाय, हे बंद होऊन रायलं. अन् सही-गिही तर आता चालतच नाई, पिन लागते."

मोठेबाबा एकदम गप्प झाले. बऱ्याच वर्षांआधी नागपूरला एका मोठ्या दुकानात त्यांनी याच बँकेच्या कार्डाने पैसे दिले होते, पावतीवर सही केली होती, आणि ती सही ग्रामसभेच्या ठरावावर चालते, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर चालते, मग इथे काहून नाही हे त्यांना कोणी सांगतच नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसरा किस्सा. माझा भाचा अमेरिकेहून लग्नाला आला होता, त्याला आईसाठी साडी घ्यायची होती. त्याचं कार्ड एकदम नवं, चिपवालं. दुकानदाराने मशीनमध्ये टाकलं, पिन मागितलाच नाही, सरळ पावती निघाली आणि खाली सहीसाठी रेघ. दुकानदार घाबरला. "सही मांगून रायली जी मशीन, हे काहीतरी गडबड हाय," असं म्हणून त्याने व्यवहार रद्द केला आणि रोख मागितले.

दोन्ही दुकानदार प्रामाणिक माणसं, गिऱ्हाइकाचं आणि स्वतःचं नुकसान होऊ नये म्हणूनच नाही म्हणाले. पण दोघांचंही चुकलं होतं, आणि का चुकलं ते समजायला कार्डाच्या पोटात काय चालतं ते पाहावं लागेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. कार्डाने पैसे देताना दोन वेगवेगळे प्रश्न असतात. एक, हे कार्ड अस्सल आहे की कोणी नक्कल बनवून आणली? दोन, कार्ड घेऊन उभा असलेला माणूस त्याचा मालकच आहे का? चिप पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. सही आणि पिन दुसऱ्या प्रश्नाचं. त्या काळात आपल्याकडे चिप आणि पिन हे दोन्ही बदल थोड्या अंतराने आले, लोकांच्या कानावर एकत्रच पडले, आणि सगळ्यांच्या डोक्यात त्याची खिचडी झाली.

कार्डामागची काळी पट्टी म्हणजे काय, तर कॅसेटच्या टेपचा तुकडा समजा. कॅसेटच्या फितीवर जशी चुंबकीय पावडर असते तशीच इथे असते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरी नावाच्या इंजिनिअरला ही पट्टी प्लॅस्टिकवर चिकटवायची होती पण डिंकाने ती वाकडी व्हायची, आणि त्याच्या बायकोने कपड्यांच्या इस्त्रीने चिकटवून पाहा म्हटलं अन् ते जमलं, असं सांगतात. पट्टीवर बारीक बारीक जागी चुंबकाची दिशा उलटसुलट केलेली असते, मशीनमधून कार्ड घासलं की तिथल्या छोट्या कॉइलमध्ये करंटचे ठोके उमटतात आणि त्या ठोक्यांतून आकडे वाचले जातात. तुमच्याकडे मुदत संपलेलं जुनं कार्ड असेल तर त्या पट्टीवर लोखंडाची एकदम मैद्यासारखी बारीक पावडर भुरभुरा आणि हलकेच झटका, उभ्या रेघा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. शाळेतल्या पोरांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे.

या पट्टीवर मावतं किती? दुकानातलं मशीन जो भाग मुख्यतः वाचतं त्यावर फार तर 40 खुणा. त्यात कार्डाचा नंबर, मुदत संपायचा महिना-वर्ष, तीन आकड्यांचा एक सर्व्हिस कोड आणि बँकेचे तपासणीचे काही आकडे. पिन तिथे लिहिलेला नसतो, हे मुद्दाम सांगतो कारण गावात बऱ्याच जणांना वाटतं की पट्टीतच पिन असतो.

आता अडचण बघा. आपण डबल डेक टेपवर भजनाची कॅसेट भरून घ्यायचो, एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला कोरी, अर्ध्या तासात दुसरी तयार. पट्टीचंही तसंच. आज घासा, उद्या घासा, ती तेच आकडे बोलणार, म्हणून ज्याने एकदा ते ऐकून ठेवले तो कोऱ्या कार्डावर भरू शकतो. एटीएमच्या तोंडाशी पातळ खोटं यंत्र बसवून हेच करतात, त्याला स्किमर म्हणतात.

चिप वेगळी आहे. तो सोनेरी चौकोन म्हणजे फक्त बाहेरचे संपर्क, त्याखाली छोटासा कॉम्प्युटर असतो आणि त्याला वीज आपल्या कार्डात नसते, मशीन देतं. चिपमध्ये बँकेने एक गुप्त किल्ली ठेवलेली असते जी कधीच बाहेर येत नाही. मशीन चिपला सांगतं, रक्कम इतकी, तारीख ही, आणि हा घे मी आत्ताच मनाने काढलेला एक आकडा. चिप त्यात स्वतःच्या व्यवहारांची मोजणी मिसळते, गुप्त किल्लीने गणित करते आणि उत्तर देते. बँक तेच गणित आपल्याकडे करून पाहते, जुळलं तर कार्ड अस्सल. पुढच्या वेळी प्रश्न नवा, उत्तर नवं, त्यामुळे आजचं उत्तर चोरलं तरी उद्या त्याचा उपयोग शून्य. मला विचाराल तर या सगळ्या भानगडीतला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, 650 रुपयांच्या औषधासाठी एवढं गणित डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जातं.

हे ज्या नियमांनी चालतं त्याला ईएमव्ही म्हणतात, युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तिघांची आद्याक्षरं.

आता सहीकडे येऊ. चिपमध्ये एक यादी असते, या कार्डाचा मालक कसा ओळखायचा त्याची, आणि ती क्रमाने असते. समजा पहिलं बँकेकडून पिन तपासा, ते नसेल तर सही, तेही नसेल तर काहीच नको. मशीनचीही यादी असते की मला काय काय जमतं. दोघं याद्या जुळवतात आणि वरून पहिलं जे जुळेल ते ठरतं. दुकानदार ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवत नाही. अमेरिकेने चिप घेतली पण बहुतेक क्रेडिट कार्डांना सहीच ठेवली, म्हणून भाच्याच्या कार्डाच्या यादीत सही वर होती आणि आपल्या मशीनने बरोबर तेच केलं, रेघ छापली. व्यवहार पूर्णपणे वैध होता, चिपने कार्ड अस्सल असल्याचं आधीच सिद्ध केलं होतं, आणि पिन सक्तीचा जो नियम दुकानदाराने ऐकला होता तो भारतातल्या बँकांनी दिलेल्या कार्डांसाठी होता.

मोठेबाबांच्या डेबिट कार्डाचं उलटं. रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाला दुकानात पिन सक्तीचा केला 1 डिसेंबर 2013 पासून, म्हणजे पट्टीच्या कार्डालाही पिन, चिप असो नसो. चिपचा हुकूम वेगळा, त्यात जुनी पट्टीवाली कार्डं बदलायची मुदत 31 डिसेंबर 2018. आम्ही गेलो तेव्हा मुदतीला दोन आठवडे बाकी होते, कार्ड घासून पिन टाकला असता तर व्यवहार झाला असता. सही चालत नाही हे दुकानदाराचं बरोबर, पण कार्डच चालत नाही हे चूक. आणि क्रेडिट कार्डाला पट्टीच्या काळात पिनची अशी सक्ती नव्हती, त्यामुळे एकाच काउंटरवर एकाची सही घेतात अन् दुसऱ्याची नाही, असंही लोकांनी पाहिलेलं. गोंधळ नाही होणार तर काय.

असा गोंधळ फक्त आपल्याकडेच झाला असं समजू नका. ब्रिटनमध्ये 2003 साली नॉर्थॅम्प्टन गावात चिप आणि पिनची चाचणी झाली, मग 14 फेब्रुवारी 2006 पासून पिन नसेल तर व्यवहार नाही असं जाहीर केलं. पण तिथेही दोन अपवाद होते. परदेशी पाहुण्यांची सहीवाली कार्डं, आणि ज्यांना आजारपणाने किंवा अपंगत्वामुळे पिन दाबता येत नाही त्यांच्यासाठी खास दिलेली चिप अन् सहीची कार्डं. ही दोन्ही प्रकारची कार्डं दुकानांनी घ्यायचीच होती. पण काउंटरवरच्या पोरांना एवढंच सांगितलेलं की सही बंद, म्हणून ते अशी कार्डं नाकारायचे, आणि ज्यांच्यासाठी सोय केली तेच लोक सामान ठेवून परत जायचे. हे वाचल्यापासून मला ते सारखं आठवतं, कारण आपल्याकडे तर असा अपवाद असू शकतो हेही कोणी गावात बोललं नाही.

दुकानदार एवढे घाबरतात त्यालाही कारण आहे. फसवणूक झाली तर भरपाई कोणाच्या बोडक्यावर, हे नियम ठरवतात. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2015 पासून चिपचं कार्ड आणि दुकानाकडे फक्त घासायचं मशीन, अशात नकली कार्डाने पैसे गेले तर नुकसान दुकानाच्या बाजूला जायला लागलं. म्हणून कार्डाच्या पट्टीतला तो सर्व्हिस कोड कामाचा, त्याचा पहिला आकडा 2 किंवा 6 असला की मशीनला कळतं या कार्डाला चिप आहे, मग तुम्ही घासलं तरी ते सांगतं की चिप आत टाका.

सही तशी कमजोरच पुरावा होती. पावती दुकानाच्या डब्यात पडून राहायची, तक्रार झाली तरच कोणी ती काढून पाहायचं, म्हणजे चोरी होऊन गेल्यावर. पिन त्याच क्षणी तपासला जातो. चार आकड्यांचे 10,000 पर्याय आणि साधारण तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड अडतं, म्हणजे आंधळेपणाने टाकणाऱ्याला 10,000 मध्ये तीनच संधी. पण हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, पिन दुसऱ्याला माहीत नसणं. आणि आमच्याकडे काय चालतं? दुकानदार मशीन हातात धरून विचारतो, "काकाजी, नंबर सांगा," अन् काकाजी सहा माणसांपुढे खणखणीत आवाजात चार आकडे सांगतात. सही कधी कोणाला बोलून द्यावी लागली नाही, म्हणून लपवायची सवयच नाही. त्या दुकानातल्या सहा जणांत एखादा स्किमरवाला असला तर त्याला पट्टी आणि पिन दोन्ही मिळाले, मग एटीएममधून खातं साफ. नवीन पद्धत आणताना कोणतं बटण दाबायचं ते दुकानदाराला शिकवलं, पण मोठेबाबांसारख्या माणसासमोर पाच मिनिटं बसून का दाबायचं ते कोणीच सांगितलं नाही, याचा मला खरंच राग आहे.

मी सांगायचं ठरवलं. मोठेबाबांनी आयुष्यभर बैलबाजार केला. दलाल दुपट्ट्याखाली हात घालतो, बोटं धरून भाव सांगतो, भोवती पन्नास माणसं उभी पण आकडा दोघांतच राहतो. मी म्हटलं, मोठेबाबा, पिन म्हणजे तेच. तुम्ही बटण दाबलं की तो कीपॅडच्या आतच कुलूपबंद होतो, तारेवरून जाताना नुसता गिचमिड कोड जातो, दुकानदाराला पडद्यावर चार फुल्या दिसतात, आणि बँकेच्या यंत्राशिवाय कोणी तो उघडू शकत नाही. म्हणजे दुपट्टा मशीनमध्येच आहे, फक्त बोटांवरचा दुपट्टा आपला आपण धरायचा.

"हे आधी काहून नाई सांगतलं कोणी," ते म्हणाले.

जानेवारीत चिपचं नवं कार्ड आलं. मोतीबिंदूमुळे त्यांना बटणं नीट दिसत नाहीत, तेव्हा 5 च्या बटणावरचा उंचवटा बोटाला लावून दाखवला, तो आंधळ्या माणसांसाठीच असतो, त्याच्या वर 2, खाली 8, डावीकडे 4, उजवीकडे 6. दोन दिवस घरच्या जुन्या बटणाच्या मोबाइलवर सराव केला, त्यावरही 5 ला तसाच उंचवटा असतो. जी नवी मशीनं नुसत्या गुळगुळीत काचेची येऊन राहिली त्यांवर हा उंचवटा नाही, तिथे अशा माणसाने काय करायचं हे मशीन बनवणाऱ्यांनी सांगावं.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्याच कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने सवयीने मशीन आपल्या हातात धरलं अन् म्हणाला, "नंबर सांगा काकाजी." मोठेबाबांनी ते त्याच्या हातून घेतलं, काउंटरवर ठेवलं, गळ्यातला दुपट्टा काढून हातासकट मशीनवर टाकला आणि सावकाश चार वेळा बोट दाबलं. खालून पावती सरकत बाहेर आली, त्यावर छापलं होतं, पिन व्हेरिफाइड, सिग्नेचर नॉट रिक्वायर्ड. ते मी वाचून दाखवलं. त्यांनी तरी पेन मागितला आणि पावतीच्या मागे औषधाचं नाव अन् तारीख लिहून ठेवली.