नागाचं विष आणि स्नायूची डागडुजी

वाळवा-शिराळ्याच्या उसात नाग निघाला तर कुणाला फारसं नवल वाटत नाही. उंदीर आहेत, तिथं नाग येणारच. नवल याचं वाटावं, की नागाच्या विषातलं एक प्रथिन जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये मुद्दाम विकत घेतात आणि उंदराच्या पायात टोचतात. त्याचं नाव कार्डिओटॉक्सिन. नावात हृदय असलं तरी ते कुठल्याही स्नायूपेशीचं आवरण फोडतं. नाग चावला की दंशाभोवतीचा भाग सुजतो, काळा पडतो, मांस सडतं. त्यात याच जातीच्या प्रथिनांचा मोठा हात असतो. प्रतिविषानं जीव वाचतो, पण एकदा सडलेलं मांस त्यानं पूर्ववत होत नाही. म्हणून मांत्रिकाकडं न जाता तडक दवाखाना गाठावा, हे शिराळ्याच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

संशोधकांना हे विष सोयीचं पडतं, कारण ते स्नायूचे तंतू मारतं, पण तंतूंना चिकटून निजलेल्या सॅटेलाइट पेशी बऱ्याचशा शाबूत ठेवतं. या पेशी म्हणजे स्नायूचं बियाणं. विष टोचल्यावर काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, येतात आणि मेलेलं मांस गिळायला लागतात. जागा सुजते, तापते, ठणकते. हा दाह लागतोच, कारण मोडतोड उचलल्याशिवाय नवं मांस भरत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पालट होतो. त्याच भक्षक पेशी आपली तऱ्हा बदलतात आणि नव्या तंतूंच्या वाढीला मदत करू लागतात. तीन-चार आठवड्यांत उंदराचा स्नायू जवळपास पहिल्यासारखा होतो.

हा पालट कोण घडवून आणतं, याचं एक मोठं उत्तर २०१३ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या डायान मॅथिस आणि क्रिस्टोफ बेन्वा यांच्या गटानं दिलं. नेमक्या त्याच दिवसांत जखमी स्नायूत नियामक टी पेशींची, म्हणजे बाकीच्या संरक्षक पेशींना आवरणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी होते, असं त्यांना दिसलं. या पेशी काढून टाकल्या तर दाह रेंगाळतो, तंतू नीट जुळत नाहीत आणि मांसाच्या जागी चिवट व्रण भरतो.

नियामक टी पेशी तोवर ओळखीच्या होत्या त्या मुख्यतः एका कामासाठी: आपल्याच शरीरावर उलटलेल्या पेशींना आवरणं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्यांची ओळख पटवली. तेव्हा असल्या ‘दाबून ठेवणाऱ्या’ पेशींच्या कल्पनेवरून बहुतेकांचा विश्वास उडाला होता. हे गृहस्थ मात्र चिकटून राहिले. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं की या पेशी तयारच होत नाहीत आणि शरीर स्वतःवर तुटून पडतं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

पण स्नायूतली गोष्ट नुसत्या आवरण्याची नाही. तालमीतला वस्ताद हाताबाहेर चाललेली झोंबी सोडवतो आणि मग स्वतःच पोराचा मुरगळलेला खांदा चोळायला बसतो, तशा या पेशी दोन्ही कामं करतात. त्या ॲम्फिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडतात. ते थेट सॅटेलाइट पेशींना जागं करून वाढीला लावतं. ही दोन कामं खरोखर वेगळी आहेत, हे २०१५ साली उंदरांच्या फुप्फुसात दिसलं. नियामक पेशींमधलं फक्त ॲम्फिरेग्युलिन बनवणं बंद केलं, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि उंदरांना फ्लूची लागण केली. विषाणूशी लढाई ठीक चालली, दाह आवरण्याचं कामही बिघडलं नाही. तरी फुप्फुसाची हानी वाढली आणि रक्तातला प्राणवायू घटला. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

मग म्हातारपणी दुखापत लवकर का भरत नाही? एक कारण इथं सापडतं. म्हाताऱ्या उंदरांच्या जखमी स्नायूत या पेशी कमी जमतात, कारण त्यांना बळ देणारा इंटरल्यूकिन-३३ हा संदेश क्षीण झालेला असतो. बाहेरून तो दिला, तर डागडुजी सुधारते.

दुखापत सापाचीच हवी असंही नाही. बैठका मारताना खाली जाता जाता ताणलेल्या मांडीत बारीक इजा होतच असते. कुंडलच्या मैदानात उतरणाऱ्या पैलवानाला दुसऱ्या दिवशीचं अंग आंबणं काही नवं नाही. पट्ट्यावर धावायला लावलेल्या उंदरांवरचं २०२३ सालचं काम सांगतं, की नियामक पेशी नसतील तर व्यायामानंतरचा दाह स्नायूतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांना, इजा करतो आणि रोजच्या सरावातून येणारा दमही वाढत नाही. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून डबे विकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. नुसती वाढवून काय करणार, आवरणारं नको का कुणी?

अर्थात या पेशी सरसकट वाढवणंही धोक्याचं. कर्करोगाच्या गाठीत त्या जमल्या तर गाठीवर चालून आलेल्या पेशींनाच थोपवून धरतात. ॲम्फिरेग्युलिन फार काळ पाझरत राहिलं, तर अवयवात तंतुमय व्रण वाढू शकतो. म्हणून संशोधकांचा प्रयत्न आहे तो या पेशींना फक्त दुखावलेल्या जागी आणि तेवढ्याच दिवसांपुरतं बळ देण्याचा. त्यातलं बरंचसं काम अजून उंदरांवरच चालू आहे.