आमवात : कौटुंबिक जोखीम

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटल्याने होणारा हा दीर्घकालीन विकार दवाखान्यात ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ या नावाने परिचित आहे. स्त्रियांत तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. माधवनिदान या आयुर्वेदीय रोगनिदानग्रंथात (इ. स. सुमारे सातवे-आठवे शतक) वर्णिलेला आमवात तो हाच, असे मानण्याकडे कल आहे, तथापि त्या वर्णनात इतर संधिशोथही मिसळले असावेत.

आईवडील, भावंडे किंवा अपत्य यांपैकी कोणाला हा विकार असल्यास जोखीम साधारण तिप्पट धरतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश व फिनिश जुळ्यांच्या अभ्यासांवरून 2000 साली तो सुमारे 60 टक्के काढला गेला. 2013 च्या स्वीडिश कुटुंब-अभ्यासात 40 टक्क्यांच्या आसपास आला. नंतरचा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. एकसारख्या जुळ्यांतही एकाला विकार असता दुसऱ्याला तो जेमतेम 15 टक्के वेळा होतो. प्रतिकारयंत्रणेशी निगडित एचएलए-डीआरबी1 या जनुकाच्या काही प्रकारांत प्रथिनाचा एक छोटा भाग समान असतो व तोच जोखमीचा, ही उपपत्ती 1987 ची. धूम्रपानाने ही जोखीम आणखी वाढते.

पुणे जिल्ह्यात भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी 1996 पासून घरोघर पाहणी केली. तीत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे जोखीम तिप्पट झाली, तरी बहुतेक नातलग निरोगीच राहतात. शिवाय आजीचे दुखरे गुडघे बहुधा झिजेचे असतात. ते या हिशेबात धरू नयेत.

निरोगी नातलगांनी सरसकट रक्ततपासणी करण्याची गरज नसते. आर. ए. फॅक्टर (या तपासणीत शोधले जाणारे रक्तातील प्रतिपिंड) निरोगी माणसातही सापडतो, आणि काही रुग्णांत सापडत नाही. खरी खूण हातावर दिसते : सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ मूठ वळत नाही, बोटांच्या मुळाशी सूज येते, कोणी हात दाबला की कळ येते, रोजच्या बांगड्या चढेनाशा होतात. घरात आमवात असताना असे दिसल्यास तेल-शेक करत महिने घालवू नयेत. लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांना दाखवावे आणि निदान झाल्यास लक्षणांपासून तीन महिन्यांच्या आत औषध सुरू व्हावे. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आईच्या डबीतील मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध मुलीने स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. या विकारात ते आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, आणि गर्भारपणात ते वर्ज्य आहे.