घराचं काम काढताय? आधी वीजबिल बाहेर काढा
(सोलर बसवू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गच्चीचं मोजमाप घ्यायला गेलो की चहा यायच्या आधी प्रश्न येतो, "या सगळ्याला मिळून सबसिडी किती?" सगळ्याला म्हणजे वॉटरप्रूफिंग, गच्चीचा पांढरा उष्णतारोधक रंग, सोलर, गरम पाण्याचा सौर बंब आणि जमलंच तर एक नवा एसी. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे पत्रक छापलं.

या यादीत केंद्र सरकारचं थेट खात्यात येणारं अनुदान एकाच गोष्टीला आहे, ती म्हणजे छतावरचा सौर वीजसंच. सौर बंबाचं केंद्राचं अनुदान २०१४ सालीच बंद झालं. "आमच्या मेव्हण्यांना मिळालं होतं" हे खरं असेल, पण ते तेव्हाचं. वॉटरप्रूफिंगला आणि रंगाला काही नाही. एसीच्या किमती सप्टेंबर २०२५ मध्ये उतरल्या, पण ते अनुदान नव्हे, जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पुण्यासारख्या काही महापालिका सौर यंत्रणा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय चालू स्थितीत असेल तर मालमत्ता करात सवलत देतात. ती तुमच्या हद्दीत आहे का, हे कर खात्यात एकदा विचारून घ्या.

तर सोलर. हे अनुदान ज्या योजनेतून मिळतं ती पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. त्यापुढे तीनचे पाच करा नाहीतर दहा, रक्कम ७८,०००च. "सबसिडी आहे तर मोठंच बसवू" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. गेल्या बारा महिन्यांचे युनिट बिलावर छापलेले असतात, त्यांची सरासरी काढा. तीनशेच्या आसपास असाल तर तीन किलोवॅट पुरे. नव्वद युनिट जाळणाऱ्या घराला आम्ही तीन किलोवॅट विकत नाही. एकदोन गिऱ्हाईकं यावरून रागावून दुसरीकडे गेली, जाऊ देत.

आणखी एक बारीक गोष्ट. अनुदान मोजताना पॅनेलची क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांत जी कमी ती धरतात. ५४० वॅटची पाच पॅनेल आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर हिशेब २.७ वर होतो आणि ७८,०००च्या जागी ७२,६०० येतात. कोटेशनवर नुसतं "३ किलोवॅट सिस्टीम" लिहिलेलं असेल तर पॅनेल किती आणि किती वॅटची, हे विचारा.

बिलावर नाव कोणाचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि पैसे त्या ग्राहकाच्या बँक खात्यात जातात. आपल्याकडे घर दोनदा वाटलं जातं, मजला चढतो, नातवंडं नोकरीला लागतात, पण मीटर आजोबांच्याच नावावर. बिल भरलं जातंय तोवर कोणाला काही वाटत नाही. सोलरचा अर्ज भरायला बसलं की कळतं, ज्यांचं नाव आहे ते जाऊन बारा वर्षं झाली.

मागे एका घरी आम्ही बोलणी पक्की केली, पॅनेल गुदामात येऊन पडली, आणि मग कळलं की बिल वडिलांच्या नावावर आहे. वडील हयात नाहीत. मुलगे तीन, त्यातला एक परगावी. मृत्यूचा दाखला होता. वारसांची संमती मिळवायला मात्र दिवाळीची वाट पाहावी लागली, कारण तिघे एकत्र येतात ते तेव्हाच. आमचं भांडवल अडकलं, त्यांचा उन्हाळा गेला. आता आम्ही नियमच केलाय: बिलावरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स घेत नाही. कोणाला हा फाजील काटेकोरपणा वाटतो. वाटो.

नाव बदलायचं असेल तर तो अर्ज आधी करा. मालकीचा कागद, जुन्या ग्राहकाचा मृत्यूचा दाखला किंवा संमती, आणि थकबाकी शून्य असणं, एवढं साधारण लागतंच. बिलावर "पाटील एस. आर." आणि पासबुकात पूर्ण नाव अशी तफावत असेल तर तीही आधीच मिटवा. हे काम तुमचंच आहे, पण अर्ज भरून देणं आणि कागद लावून देणं आम्ही करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

"सबसिडी वजा करून बाकीचे घ्या"

हे आम्हाला जमत नाही, आणि त्यात आमचा आडमुठेपणा नाही. अनुदान आमच्याकडे येतच नाही. संच बसतो, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागतो, वीज कंपनीची तपासणी होते, योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर कमिशनिंगचा, म्हणजे संच सुरू झाल्याचा दाखला निघतो, त्यानंतर तुम्ही बँकेचा तपशील भरता आणि रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा होते. त्यामुळे आम्ही पूर्ण रक्कम घेतो. हात अडत असेल तर याच योजनेखाली बँका तारण न घेता कर्ज देतात. त्याची फाईल बनवायला आमचा मुलगा मदत करतो.

शेजारच्याला स्वस्तात मिळालं असेल तर त्याच्या पॅनेलवरचं लेबल बघा. अनुदानाला पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, ज्याला डीसीआर म्हणतात. आयात सेलचं पॅनेल स्वस्त पडतं आणि वीजही देतं, पण अनुदान देत नाही. बसवणारा राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृतही हवा. आधी बसवून मग अर्ज करू, हा विचार तर अजिबात नको. आमच्या कोटेशनमध्ये पॅनेल डीसीआरचं असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि नियमाप्रमाणे पाच वर्षांची देखभाल त्यातच धरलेली असते.

गच्ची आधी, पॅनेल नंतर

हे अनुदानाचं नाही, पण खिशाचंच आहे. गळकी गच्ची असेल तर वॉटरप्रूफिंग आधी उरका. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा जाते; वर पॅनेलचा सांगाडा, म्हणजे स्ट्रक्चर, उभं राहिलं की खाली कारागिराला वाकायलाही जागा उरत नाही आणि सगळं उतरवून परत चढवायची मजुरी तुमच्या माथी बसते. वॉटरप्रूफिंगवाला तुमचा असला तरी चालेल. स्ट्रक्चरचे पाय नव्या थरात भोकं न पाडता कसे बसवायचे, ते त्याला आमच्याशी बोलू द्या.

आणि हो, लाईट गेली की साधा ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला) संचही बंद होतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. बिघाड समजून फोन करू नका. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड संच मिळतो, पण बॅटरीच्या खर्चाला अनुदान नाही. बिलही पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.

भेटीची वेळ ठरवण्याआधी एवढं पाठवा: वीजबिलाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पासबुकाचं पहिलं पान आणि गच्चीचा दुपारी बाराच्या सुमारास काढलेला एक फोटो. टाकीची किंवा शेजारच्या झाडाची सावली कुठवर येते ते त्यात दिसलं पाहिजे. नाव जुळत असेल तर त्याच दिवशी मोजमापाची तारीख देतो. जुळत नसेल तर आधी नावबदलाच्या कागदांची यादी येईल.