ट्रंकेतला फोटो आणि छापायचा हक्क

कोल्हापुरात एखाद्या पेठेच्या किंवा तालमीच्या इतिहासाचं प्रदर्शन ठरलं की पहिली धाव जुन्या घरांतल्या ट्रंकांकडे. खासबागेतली कुस्ती, रंकाळ्याचा काठ, स्टुडिओत पडद्यापुढं उभा पैलवान. घरची मंडळी विश्वासानं फोटो देतात, खाली 'सौजन्य' छापलं जातं आणि परवानगीचा विषय मिटला असं सगळे धरून चालतात. पण ज्याच्या कपाटात फोटो, त्याच्याकडे छापायचा हक्क असतोच असं नाही. पत्राचं तर सरळ आहे: कागद ज्याला आला त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा.

हा छापायचा हक्क म्हणजे कॉपीराइट. त्याचा इंग्लंडचा 1911 चा कायदा थोड्या फेरफारांसह 1914 साली इकडं आला, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. कोल्हापूर संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे कोल्हापूरचे चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटर आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची पोस्टरं रंगवत होते तेव्हा त्यांचं गाव कायद्याच्या लिखित हद्दीबाहेर होतं. (साहेबाची रेसिडेन्सी मात्र गावातच!)

त्या कायद्यातली एक गोष्ट भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही टिकली. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोवर, वेगळं काही ठरलं नसेल तर, पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. स्टुडिओतला फोटो पैलवानाचा. तोच पैलवान फोटोग्राफरनं मैदानात स्वतःहून टिपला, तर फोटोग्राफरचा. ट्रंकेतले फोटो चाळताना हा फरक कुणी विचारत नाही, आणि खरी मेख इथंच आहे.

मुदतही सरकत गेली. 1957 च्या कायद्यात चित्रकार-लेखकांसाठी मृत्यूनंतर 50 वर्षं, फोटोसाठी प्रकाशनानंतर 50. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत 1991 अखेर संपत आली, तेव्हा ती 60 केली गेली. बाबूराव 1954 साली गेले, त्यामुळं त्यांची चित्रं 2014 सरताच मोकळी झाली. 2012 च्या दुरुस्तीनं फोटोही मृत्यूनंतरच्या 60 वर्षांत आणले. 1940 साली छापलेल्या फोटोची मुदत त्याआधीच संपलेली, म्हणून तो केव्हाच मोकळा. 1962 साली छापलेल्याचा फोटोग्राफर 1990 साली वारला असेल, तर 2050 अखेरपर्यंत थांबा.

अशा वेळी 'फेअर यूज आहे की' हे उत्तर हमखास येतं. तो शब्द अमेरिकेचा. तिथल्या 1976 च्या कायद्यातल्या चार कसोट्या न्यायालय तोलून बघतं. आपल्या कायद्याच्या कलम 52 मध्ये 'फेअर डीलिंग' आहे, ठरावीक कामांपुरतं: खासगी वापर आणि संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्तांकन. फोटोवर भाष्य असेल तर समीक्षेचा आधार घेता येईल. नुसता भिंत सजवायला लावला तर अवघड.

ग्रंथालयांना थोडी जास्त मोकळीक आहे. 1850 पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेत अप्रकाशित लिखाण असेल, लेखक माहीत असेल आणि त्याला जाऊन 60 वर्षं उलटली असतील, तर ते संशोधनासाठी छापता येतं. आजोबांचं कधीच न छापलेलं पत्र ट्रंकेत असेपर्यंत ही सवलत त्याला नाही. त्याची मुदत तर छापल्यावरच मोजायला लागतात.