सेवेचे तास आले कुठून

चार वर्षांच्या पदवीत समाजसेवेचे क्रेडिट (तासांवरून मिळणारे श्रेयांक) शिरल्यापासून ‘ऑनर्ससाठी समाजसेवा लागते’ असे बोलले जाते, आणि गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: हे म्हणजे आमच्या वेळचे एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनाच ना? उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. त्यासाठी साठेक वर्षे मागे जावे लागते.

त्याहून मागे जायला फारसे काही नाही. १८४२पासूनची वैद्यकीय शाळा सोडली तर पोर्तुगीज काळात इथे कला-विज्ञानाचे महाविद्यालय नव्हते. मुक्तीनंतर १९६२ला पणजी आणि मडगावात महाविद्यालये निघाली आणि १९८५ला गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत ती मुंबईला जोडलेली राहिली. साहजिकच विद्यार्थ्यांच्या समाजसेवेबद्दलचे मोठे निर्णय आपल्याकडे आयते आले. गावाने मिळून खाजनातले (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतले) बांध घालावेत, मानशी (पाण्याची ये-जा राखणारे दार) सांभाळावी, ही पद्धत कितीतरी जुनी. पण तिला कोणी सेवा म्हणत नव्हते. बांध फुटला की खारे पाणी आपल्याच शेतात येणार, एवढे कारण पुरेसे होते.

खरा वाद झाला तो दिल्लीत, आणि तो एकाच शब्दावर: सक्ती. स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी प्रथम सुचवले ते असे की विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, पण स्वखुशीने. १९५९ला नेमलेल्या समितीचे मत उलटे पडले. शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावी, ती सक्तीची असावी, असे तिने सांगितले. समितीचे अध्यक्ष मराठी होते आणि त्याआधी त्यांनी देशाची तिजोरी सांभाळली होती, तरी सूचना अडली ती मुख्यतः पैशावरच. लाखभर मुलांना वर्षभर ठेवायचे कुठे, खाऊ काय घालायचे, काम कोण दाखवणार? पुढच्याच वर्षी एका शिक्षणतज्ज्ञाला इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करायला सांगितले गेले. त्यांनी कौल दिला तो ऐच्छिक सेवेच्या बाजूने. १९६४ ते ६६च्या शिक्षण आयोगाने पुन्हा लंबक दुसरीकडे ढकलला: शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा हवी. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ऐच्छिक. दहा वर्षांच्या खलबतानंतर सक्ती हरली होती. हे लक्षात ठेवायला हवे, कारण आज जे चालले आहे ते या निकालाला बगल देऊन.

योजनेचा हिशेब पालकांना पाठ आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचा कॅम्प. लोकांच्या ध्यानात राहत नाही तो उद्देश. कागदावर तो स्पष्ट आहे: समाजसेवेतून विद्यार्थ्याचा व्यक्तिमत्त्व विकास. म्हणजे बोधवाक्य सांगते ‘मी नव्हे, तुम्ही’ आणि उद्देश सांगतो ‘मी’च. यात लबाडी आहे असे मला वाटत नाही. पण मोजमापाची पंचाईत तिथेच सुरू होते.

मी एस.वाय.ला असताना आमचा कॅम्प सत्तरी तालुक्यातल्या एका गावात होता. शाळेच्या वर्गात झोपायचे, सकाळी पेज आणि लोणचे, मग व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, सुतळीने तोंड शिवायचे, हातोहात पुढे सरकवायचे. तिसऱ्या दिवशी काठावर विडी ओढत बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘हांगा उदक रावचें ना रे.’ म्हणजे इथे पाणी थांबायचे नाही. आम्ही ऐकून हसलो. संध्याकाळपर्यंत पाणी पोत्यांच्या खालून निवांत निघून गेले. मग तेच आजोबा पाण्यात उतरले, वीसेक पावले वर एका खडकापाशी उभे राहिले, आणि आम्ही सगळी पोती उपसून तिकडे नेली. वर्क डायरीत तारीख, काम, तास आणि प्रोग्राम ऑफिसरची सही, एवढेच रकाने होते. त्या दिवसापुढे लिहिले, ‘बंधारा, ८ तास.’ पहिल्या चुकीच्या बंधाऱ्याचेही तास धरले होते, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या गोंधळात टाकणाऱ्या शब्दाकडे. ऑनर्स. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या महाविद्यालयाने ऑक्सफर्डचे वळण पाहून १९२२ला निवडक मुलांसाठी वेगळा अभ्यासक्रम काढला, तेव्हापासून तिकडे ‘ऑनर्स प्रोग्राम’ म्हणजे महाविद्यालयाच्या आतले एक छोटे महाविद्यालय: कमी मुले, जास्त चर्चा, आणि पुष्कळ ठिकाणी सेवेच्या तासांची अट. आपल्याकडे कोलकाता-दिल्लीत ऑनर्स म्हणजे एका विषयात खोल जाणारी पदवी. सेवेशी तिचा संबंध नव्हता. गोव्यात आम्ही टी.वाय.ला एका विषयाचे सहा पेपर घेतले, पण बोलताना त्याला कोणी ऑनर्स म्हटले नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ऑनर्स म्हणजे चौथे वर्ष पुरे करणे. तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के किंवा वर मिळाले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. मराठीत काही जण त्याला ‘मानद पदवी’ म्हणतात, ते तर साफ चूक. मानद पदवी परीक्षा न देता मिळते, आणि बहुधा हार घालून.

त्यामुळे तिकडची मांडणी वाचून इकडे ‘ऑनर्ससाठी समाजसेवा लागते’ असे जे बोलले जाते त्याला आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या क्रेडिट आराखड्यात समाजसहभाग आणि सेवा हा अभ्यासाचा घटक आहे खरा, पण तो पदवी घेणाऱ्या सगळ्यांसाठी, तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांसाठीही. तो उन्हाळी सत्रात घ्यावा की मेजर-मायनर (मुख्य-दुय्यम) विषयात बसवावा, याला मोकळीक आहे. दर बसवला आहे तो मात्र चोख: अशा कामाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट.

हा दर जुन्या डायरीला लावून पाहिला तर एनएसएसचे २४० तास आठ क्रेडिटचे होतात, म्हणजे १६०चा विसावा हिस्सा. साठच्या दशकात सक्ती नाकारली ती खर्चाकडे बघून. आता खर्चाचा प्रश्न नाही, कारण मुलाला कुठे ठेवायचे नाही, फक्त गुणपत्रिकेत जागा द्यायची. क्रेडिटशिवाय पदवी नाही, मग ते काम ऐच्छिक कसे? याची चर्चा आपल्याकडे जवळपास झालीच नाही. दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची पदवी २०१३ला आली आणि आरडाओरड होऊन २०१४ला मागे गेली, पण तिथेही भांडण वर्षांवर होते, सेवेवर नव्हे.

गोव्यात नवी रचना पदवीला लागू झाली २०२३-२४ला. त्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ला येते. तिच्यातली जी मुले तीन वर्षांवर थांबतील त्यांच्याही गुणपत्रिकेत सेवेचे क्रेडिट असतील. ऑनर्स हा शब्द नसेल.